गृहविम्याचा क्लेम नाकारला: 'हळूहळू झालेली झिरप' म्हणे. पुढे काय करू?

सायली_के
नमस्कार. जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या भिंतीतला पाइप फुटला. ते लोक परगावी, घराला कुलूप. वॉचमनने त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत पाणी आमच्या छतातून उतरत राहिलं. हॉलच्या फॉल्स सीलिंगचा निम्मा भाग खाली आला, दोन भिंतींचा रंग पोपडे धरून सुटला, बेडरूममधलं प्लायवूडचं कपाट खालून फुगलं, गाद्या गेल्या.

पॉलिसी 'भारत गृह रक्षा', गृहकर्जाच्या वेळी बँकेनेच काढलेली. क्लेम लगेच कळवला होता. सर्व्हेअर आले, फोटो काढले, भिंतीला यंत्र लावून ओल मोजली आणि गेले. आता ईमेल आलाय: "नुकसान हळूहळू झालेल्या झिरपीमुळे व नैसर्गिक झिजेमुळे झाले असून ते अपघाती स्वरूपाचे नाही, सबब दावा अमान्य." बस, एवढंच.

पाइप अचानक फुटला, सगळ्या मजल्याने पाहिलं. मग हळूहळू कसं? कस्टमर केअरला दर वेळी नवीन माणूस, उत्तर तेच. दीर म्हणतात थेट ग्राहक न्यायालयात जा. नवरा म्हणतो सोडून दे. मला सोडायचं नाहीये. सुरुवात कुठून करू?

रानवारा
सोडू नका! नाकारलं की बहुतेक लोक गप्प बसतात, यावरच हे सगळं चालतं. दीर बरोबर सांगताहेत. एक नोटीस गेली की सुतासारखे सरळ येतात.

निवांत
@रानवारा, नोटीस पाठवून सरळ आलेला एक तरी क्लेम पाहिलाय का? आमच्या ओळखीत नोटिशीला तीन ओळींचं उत्तर आलं आणि वकिलांची फी मात्र गेली.

मेधा_ज
सायली, आधी एक सांग. तुझ्याकडे पॉलिसीची पूर्ण पुस्तिका आहे का? बँकेने काढलेल्या पॉलिसीत लोकांकडे नुसतं एक पानी सर्टिफिकेट असतं. पूर्ण वर्डिंग मागव. आणि नकाराच्या ईमेलमध्ये कलमाचा क्रमांक दिलाय का ते बघ.

सायली_के
@मेधा_ज, एक पानच आहे. आणि ईमेलमध्ये कलम वगैरे काही नाही, वर लिहिलंय तेवढंच.

मेधा_ज
मग तिथूनच सुरुवात. नाकारताना पॉलिसीतल्या कोणत्या अटीखाली नाकारतोय हे कंपनीने सांगायलाच हवं. नुसतं 'झीज' म्हणून चालत नाही.

भारत गृह रक्षा ही विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, ठरवून दिलेली प्रमाणित पॉलिसी आहे. १ एप्रिल २०२१ पासून घराचा अग्निविमा विकणाऱ्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती ठेवावीच लागते आणि मूळ मजकूर सगळीकडे सारखा असतो. म्हणून तुझ्या कंपनीने पुस्तिका द्यायला वेळ लावला तरी मजकूर मिळायला अडचण नाही, कंपन्यांच्या संकेतस्थळांवर असतो. त्यात कोणत्या घटनांना संरक्षण आहे त्याची यादी आहे. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ-पूर, जमीन खचणं, बाहेरची वस्तू येऊन आदळणं, दंगल, दहशतवाद वगैरे. आणि त्याच यादीत स्पष्ट लिहिलंय: पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा भरून वाहणं.

पाइप फुटला ही यादीतली घटना आहे. फुटला नव्हता, कित्येक महिने झिरपत होता, असं कंपनीचं म्हणणं असेल तर ते तिने दाखवायला हवं. भांडण इथे आहे. 'अपघाती' या शब्दावर वेळ घालवू नकोस.

खटपट्या
मेधाताईंशी सहमत. एक भर घालतो. या पॉलिसीत 'अपघाती नुकसान' असं सरसकट संरक्षण नाहीच. यादीतली घटना घडली तर पैसे, नाही तर नाही. माझ्या भाच्याने चेंडू मारून टीव्ही फोडला, तेव्हा आम्हीही हौसेने क्लेम केला होता. नाकारला, आणि नीट वाचल्यावर पटलं की नियमाने नाकारला. त्यासाठी वेगळं ऑल रिस्क (घटनांची यादी न देता अपघाती नुकसानाला सरसकट दिलेलं संरक्षण) किंवा वेगळ्या कलमांची पॅकेज पॉलिसी लागते.

तेजू
पण 'बाहेरची वस्तू येऊन आदळणं' यादीत आहे ना? चेंडू बाहेरचाच की!

खटपट्या
@तेजू, भाचापण बाहेरचाच होता. :) आम्ही तेही मांडून पाहिलं. तिथे उदाहरणं वाहन, पडणारं झाड, विमान, भिंत अशी आहेत. घरातल्या घरात चेंडू लागला हे त्यात बसवणं अवघड. तुमच्याकडे कुणी बसवून दाखवलं असेल तर जरूर लिहा.

आबा_सर्व्हेअर
मी अनेक वर्षं सर्व्हेअर म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. दोन्ही बाजूंनी बोलतो.

सर्व्हेअर कंपनीचा माणूस असतो असं सरसकट समजू नका. तो परवानाधारक असतो आणि नुकसान का झालं, किती झालं हे त्याला पुराव्यावरून लिहायचं असतं. पण त्याला घरात जेवढं दिसतं तेवढंच तो लिहितो, आणि पाण्याच्या क्लेममध्ये पुरावा फार लवकर नाहीसा होतो. प्लंबर येतो, भिंत फोडतो, फुटका तुकडा कचऱ्यात टाकतो, नवा बसवतो, प्लास्टर मारतो. मग सर्व्हेअर पोचतो तेव्हा त्याच्यासमोर नुसती ओली भिंत असते. ओली भिंत मीटरवर ओलीच दाखवते. ओल कालची की वर्षाची, हे मीटर सांगत नाही.

ते भिंत सांगते. जुनी झिरप असेल तर डागांना एकात एक कडा दिसतात, प्रत्येक ओल-वाळ वेगळी कडा सोडून जाते. लोणा लागलेला असतो, पांढरा क्षार बोटाला येतो. कोपऱ्यात काळी बुरशी असते, प्लास्टर पोकळ वाजतं, सळई असेल तिथे गंजाचा तांबूस ओघळ येतो. एकदम आलेल्या पाण्याचा डाग मोठा असतो, पण त्याला कडा एकच. प्लायवूड फुगतं, पण वास आणि बुरशी नंतर येते. फॉल्स सीलिंग कोसळणं हेही एकदम पाणी साठल्याचं लक्षण आहे. थेंब थेंब झिरपीने ते आधी पिवळं पडतं, मग वाकतं, आणि वाकलेलं घरातल्यांना दिसतं.

म्हणून सायलीताई, तीन गोष्टी शोधा. घटनेच्या आधीचे त्याच भिंतीचे फोटो, वाढदिवस, सणवार, काहीही, मागे भिंत दिसली पाहिजे. फुटलेला पाइपचा तुकडा वरच्या लोकांकडे किंवा प्लंबरकडे आहे का. आणि वॉचमनची नोंदवही.

सायली_के
आबा, काय सांगू! तुकडा वरच्या काकूंनी ठेवलाय, सोसायटीला दाखवायचा म्हणून. एल्बोपाशी (पाइपच्या वळणाच्या जोडापाशी) सरळ चीर गेलीय, वीतभर असेल. आधीचे फोटोही सापडतील, आमच्या मुलीच्या नाचाचे व्हिडिओ त्याच भिंतीसमोरचे आहेत. सर्व्हेअरांनी यातलं काहीच मागितलं नव्हतं. ओल मोजायचं यंत्र लावलं तेव्हा तीच मुलगी विचारत होती, "भिंतीला ताप आलाय का?"

आबा_सर्व्हेअर
लेकीला माझा आशीर्वाद. तो तुकडा आता जपा. पिशवीत घालून, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, दोन्ही टोकं आणि चिरेची कड जवळून घ्या. प्लास्टिकच्या पाइपला अशी लांब, कोरी चीर जाते ती दाबाने किंवा जोडावर ताण येऊन. झिरपणारा जोड वेगळा दिसतो, त्याच्याभोवती क्षाराची पुटं साचलेली असतात. ज्या प्लंबरने काढला त्याच्याकडून लेखी घ्या: काय सापडलं, काय बदललं, तारीख, सही.

आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. ती मागायचा विमेदाराला हक्क आहे. रिपोर्ट वाचल्याशिवाय एक अक्षरही उत्तर लिहू नका.

रानवारा
रिपोर्ट देत नाहीत हो कुणी! 'अंतर्गत कागद आहे' म्हणतात. माझ्या काकांना असंच टोलवलं.

मेधा_ज
@रानवारा, फोनवर मागितला तर टोलवतात. लेखी मागायचा, ईमेलवर, पॉलिसी आणि क्लेम क्रमांक घालून. देत नाही असं लेखी उत्तर आलं तर तेही पुढे कामाला येतं, आणि उत्तर नाही आलं तर तेही कामाला येतं.

दर्यावर्दी
मी ब्रिटनमध्ये असतो. इकडे 'अपघाती नुकसान' हे घरविम्यात बहुधा जादा पैसे भरून घ्यायचं संरक्षण असतं. चेंडूने टीव्ही फुटला, गालिच्यावर रंग सांडला, छताच्या माळ्यावरून पाय आत गेला, हे त्यात येतं. पाइप फुटला तर ते वेगळं, मूळ पॉलिसीतच. पण 'हळूहळू झालेलं नुकसान' हे इकडेही नाकारण्याचं नेहमीचं कारण आहे.

इकडे आधी कंपनीकडे तक्रार करायची. अंतिम उत्तराला तिला आठ आठवडे मिळतात. मग सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे (म्हणजे इकडच्या लोकपालांकडे) जाता येतं, ग्राहकाला फुकट. त्यांचे निर्णय संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला असतात. मी माझ्या तक्रारीआधी गळतीचे बरेच निर्णय वाचले. लोकपाल सतत एकच बघतात: घरात राहणाऱ्या सामान्य माणसाला ही गळती आधी कळायला हवी होती का? भिंतीच्या आतली, दिसत नसलेली गळती असेल तर 'हळूहळू' म्हणून हात झटकणं त्यांना बरेचदा न्याय्य वाटत नाही.

आणखी एक फरक. इकडे कंपनी पाठवते तो लॉस अ‍ॅडजस्टर, आणि तुम्ही स्वतःच्या बाजूने पैसे देऊन नेमता तो लॉस असेसर. आबा म्हणतात तसा तिकडचा सर्व्हेअर एकच, दोघांसाठी.

आबा_सर्व्हेअर
बरोबर. आमच्या परवान्यावरच 'सर्व्हेअर आणि लॉस असेसर' असं दोन्ही असतं. पण विमेदाराला स्वतःचा स्वतंत्र अभियंता किंवा मूल्यांकनकार बोलवून अहवाल घ्यायला कुणी अडवत नाही. रक्कम मोठी असेल तर जरूर घ्यावा.

शंकासुर
मध्येच विचारतो, माफ करा. आमच्याकडे वीज कडाडली आणि फ्रिज, टीव्ही, राउटर एकदम गेले. क्लेम नाकारला. पॉलिसीत 'वीज पडणं' तर आहे की!

खटपट्या
@शंकासुर, ते अपवादात आहे. विजेची उपकरणं शॉर्ट सर्किट, जादा दाब, स्वतः तापणं, वीजगळती यांनी जळली तर नाही, आणि कंसात लिहिलंय की वीज पडण्याने असं झालं तरी नाही. पण पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे: अपवाद फक्त त्या उपकरणापुरता. म्हणजे फ्रिज जळून त्याची आग पडद्यांना, कपाटाला लागली तर फ्रिज सोडून बाकीचं मिळतं. नुसती उपकरणं गेली असतील तर त्यासाठी उपकरणांचं वेगळं संरक्षण लागतं.

शंकासुर
भिंत काळी झालीय टीव्हीमागची. प्लगपाशी. तो भाग तरी मागतो मग.

अ‍ॅड_नि_वा
वकील आहे, ग्राहक आयोगात विम्याची कामं करते. इथे कुणाचं काम मागायला आलेले नाही, उलट सांगते की सायलीच्या टप्प्यावर वकील लागत नाही.

क्रम असा. पहिलं, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. प्रत्येक कंपनीत हा अधिकारी असतो, त्याचा ईमेल पॉलिसीच्या कागदांत छापलेला असतो. कस्टमर केअरशी बोलणं म्हणजे तक्रार नव्हे. दुसरं, इर्डाचं 'बीमा भरोसा' पोर्टल. तिथे नोंदवलेली तक्रार कंपनीकडेच जाते, पण नियामकाला दिसत राहते. फोन १५५२५५. इर्डा स्वतः निवाडा देत नाही, ही अपेक्षा ठेवू नका.

तिसरं, विमा लोकपाल. कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, की वर्षभराच्या आत जाता येतं. ५० लाख रुपयांपर्यंतच्या मागण्या चालतात (पूर्वी मर्यादा ३० लाख होती). फी नाही आणि वकील चालत नाही, स्वतः बोलायचं असतं. ऑनलाइन तक्रार करता येते, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीने तो ३० दिवसांत पाळला नाही तर रोजचे ५,००० रुपये तक्रारदाराला द्यायचे, असं इर्डाने २०२४ च्या परिपत्रकात घातलंय. तुम्हाला निवाडा पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता उरतो.

आता रानवारा आणि दीर दोघांनाही सांगते: आधी ग्राहक आयोगात गेलात की त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेत नाहीत. उलट क्रमाने जाता येतं. मग फुकटचा दरवाजा स्वतःच्या हाताने का लावायचा?

रानवारा
हे माहीत नव्हतं. पण लोकपालांकडे नुकसानभरपाईशिवाय मनस्तापाचे पैसे मिळतात का? आयोग देतं.

अ‍ॅड_नि_वा
लोकपालांकडे मागणी विम्याच्या रकमेची आणि फार तर व्याजाची. मनस्ताप, दाव्याचा खर्च हे आयोगात. ते महत्त्वाचं वाटत असेल, किंवा साक्षीपुरावे गुंतागुंतीचे असतील तर आयोगच बरा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मुदत दोन वर्षं. जिल्हा आयोगाची मर्यादा तुम्ही मोजलेल्या मोबदल्यावर ठरते, म्हणजे हप्त्यावर, मागणीच्या रकमेवर नाही, त्यामुळे घरविम्याची जवळजवळ सगळी प्रकरणं जिल्ह्यातच बसतात. आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो.

निवांत
आयोगात तारखा किती पडतात तेही सांगा की मॅडम. माझा अनुभव फार दमवणारा होता. जिंकलो, पण तोवर घर आम्हीच दुरुस्त करून रंगवून झालं होतं, आणि मग कंपनी अपिलात गेली.

अ‍ॅड_नि_वा
खरं आहे, नाकारणार नाही. म्हणूनच आधी लोकपाल म्हणतेय.

आता पत्रात काय लिहायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या काही गोष्टी पक्क्या आहेत. सर्व्हेअरचा रिपोर्ट महत्त्वाचा, पण शेवटचा शब्द नाही. योग्य कारण असेल तर तो बाजूला ठेवता येतो (२००९ चा निकाल). अपवादाच्या कलमात क्लेम बसतो हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर (२००७). आणि नकारपत्रात न दिलेलं कारण कंपनीला नंतर आयत्या वेळी काढता येत नाही (२०१६ आणि २०१९). हा शेवटचा मुद्दा सायलीसाठी मोलाचा. तिच्या ईमेलमध्ये 'झिरप आणि झीज' एवढंच आहे. उद्या 'उशिरा कळवलं', 'कागद अपुरे' असं काही नवीन निघालं तर त्याला हेच उत्तर. तसंही कागद नाहीत म्हणून क्लेम फेटाळायचा नाही, असं इर्डाने २०२४ मध्येच सांगितलंय.

तेजू
झीज तर खरंच असेल ना पण? इमारत जुनी असेल तर पाइप जुनाच. मग कंपनीचं म्हणणं थोडं तरी बरोबर नाही का?

मेधा_ज
@तेजू, चांगला प्रश्न. पाइप जुना होता म्हणून फुटला असेलही. पण क्लेम पाइपचा नाही, सीलिंगचा आणि भिंतीचा आहे. सीलिंग झिजून पडलं नाही, वरून पाणी आलं म्हणून पडलं. पाणी आलं ते पाइप फुटला म्हणून. नुकसानाचं नजीकचं कारण काय, हे बघायचं असतं. पाइपचं वय बघायला लागलो तर जगातला कुठलाच पाइप फुटल्याचा क्लेम मान्य होणार नाही, कारण नवाकोरा पाइप सहसा फुटत नाही. मग ते कलम पॉलिसीत छापलंय कशाला?

आबा_सर्व्हेअर
मेधाताई बरोबर बोलल्या. मी उलट बाजूही लिहितो. पाइप महिनोन्‌महिने ठिबकतोय, वरचे ऐकत नाहीत, खालचे दर पावसाळ्यात रंग काढतात आणि मग एक दिवस 'फुटला' म्हणून क्लेम. असे क्लेम मी पाहिलेत आणि नाकारायची शिफारसही केलीय, मनापासून. अशा लोकांमुळे सायलीताईंसारख्यांच्या भिंतीकडेही संशयाने पाहिलं जातं, याचं वाईट वाटतं.

सुमन_पा
वरच्या शेजाऱ्यांचं काय? त्यांच्या पाइपमुळे झालं तर त्यांनी द्यायला नको? आमच्या सोसायटीत संडास-बाथरूमच्या आतल्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा, गच्चीची गळती आणि सामायिक पाइप सोसायटीचा, असं उपविधीत आहे.

अ‍ॅड_नि_वा
ती जबाबदारी वेगळी, विमा वेगळा. शेजारी जबाबदार असतील तर विमा कंपनी तुम्हाला पैसे देऊन मग त्यांच्याकडून वसूल करायचा हक्क ठेवते. म्हणून एक सावधगिरी: शेजाऱ्यांना 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून देऊ नका. कंपनीचा वसुलीचा हक्क बुडाला असं कारण पुढे येऊ शकतं. गोडीत राहा, चहा प्या, पण लिहून काही नको.

सायली_के
सगळ्यांचे मनापासून आभार. वरच्या काकूंशी संबंध छान आहेत, त्यांनीच पाइपचा तुकडा आणि प्लंबरचं पत्र दिलं.

रिपोर्ट लेखी मागितला आणि आला! त्यात लिहिलंय: "भिंतीत ओलावा आढळला, सबब दीर्घकालीन झिरप संभवते." आबा म्हणाले तेच, ओल मोजली आणि तेवढ्यावर निष्कर्ष. लोणा, बुरशी, जुने डाग यांचा एका शब्दाने उल्लेख नाही, आणि त्यांच्याच फोटोंत डागाला एकच कड दिसतेय. मी पत्र लिहिलं: पाइप फुटण्याचं कलम, तुकड्याचे फोटो, प्लंबरचं पत्र, वॉचमनच्या वहीचं पान, आणि नाचाच्या व्हिडिओतल्या कोरड्या भिंतीची तारखेसह चित्रं. शेवटी मेधाताईंनी सांगितलेला प्रश्न: कोणत्या कलमाखाली नाकारलं ते कळवा. तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं, बीमा भरोसावरही नोंदवलं.

मेधा_ज
फार छान लिहिलंस. उत्तर आलं की इथे कळव.

रानवारा
हे पत्र नावगाव काढून इथे टाका ना, इतरांना उपयोग होईल.

सायली_के
उत्तर आलं. फेरविचार केला म्हणे. सीलिंग आणि भिंतींचे पैसे मंजूर! पण कपाट आणि गाद्या नाहीत, "घरातील वस्तूंचे संरक्षण घेतलेले नाही" या कारणाने. आणि 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' अशा व्हाउचरवर सही मागताहेत, त्याशिवाय पैसे सोडत नाहीत. काय करू? नवरा म्हणतो आता तरी घे आणि थांब.

खटपट्या
थांबू नका! भारत गृह रक्षामध्ये इमारतीचा विमा असेल तर घरातल्या सर्वसाधारण वस्तूंना इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप असतं. वेगळं मागावं लागत नाही, यादी द्यावी लागत नाही. जास्त हवं असेल किंवा दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तू असतील तरच वेगळं सांगायचं. तुमच्या एका पानावर विमा रकमेच्या खाली बघा.

मेधा_ज
आणि कपाट भिंतीत कायमचं बसवलेलं असेल तर ते इमारतीच्याच भागात धरा असंही मांडता येईल. दोन्ही लिही.

अ‍ॅड_नि_वा
व्हाउचरबद्दल. रकमेवर वाद असताना 'पूर्ण व अंतिम' सही घेऊन विमेदाराचा उरलेला हक्क बंद करता येत नाही, असं इर्डाने २०१५ मध्ये परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलंय. तरीही नुसती सही करू नका. सहीच्या वर हाताने लिहा: 'इमारतीच्या नुकसानीपोटी आंशिक रक्कम स्वीकारत आहे, घरातील वस्तूंच्या मागणीचा हक्क राखून.' फोटो काढा आणि त्याच दिवशी तेच वाक्य ईमेल करा. दबावाखाली सही केली हे नंतर सांगायचं तर त्या वेळचा कागद लागतो. असं लिहिलेलं व्हाउचर घेत नाहीत म्हणाले तर तेही ईमेलवर मागा.

आणखी एक: पॉलिसी बँकेमार्फत आहे, म्हणजे तिच्यावर बँकेचं नाव असणार. पैसे आधी बँकेकडे जाऊ शकतात. दुरुस्तीसाठी रक्कम तुमच्या खात्यात द्यायला बँकेचं ना-हरकत पत्र आत्ताच मागून ठेवा, नाही तर ते थेट कर्जखात्यात वळतं होतील.

सायली_के
हे बँकेचं तर कुणीच सांगितलं नव्हतं! आजच शाखेत जाते.

एका पानावर खरंच आहे, बारीक अक्षरात: घरातील वस्तू, २० टक्के. व्हाउचरवर तुम्ही दिलेलं वाक्य लिहून सही केली, शाखेतल्या मुलाने आधी नको म्हटलं, मग वरिष्ठांना विचारून घेतलं. कपाट-गाद्यांचं दुसरं पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याला गेलंय, पानाच्या फोटोसकट. महिन्यात मानलं नाही तर लोकपाल. नवऱ्याला आता सगळं तोंडपाठ झालंय, तोच शेजाऱ्यांना समजावून सांगतोय.

निवांत
अभिनंदन. माझ्या वेळी हा धागा असता तर किती बरं झालं असतं.

पाऊलखुणा
उशिरा आलो. आमच्याकडे पुराचं पाणी घरात शिरलं, आम्ही नातेवाइकांकडे गेलो आणि परत येईपर्यंत गिझर, मिक्सर चोरीला गेले. पुराचं मान्य झालं, चोरीचं 'चोरीचा विमा नाही' म्हणून नाकारलं. यात काही दम आहे का?

खटपट्या
@पाऊलखुणा, आहे. यादीतली घटना घडल्यापासून ७ दिवसांच्या आत आणि तिच्यामुळेच चोरी झाली तर तीही यादीतच आहे, वेगळा चोरीचा विमा लागत नाही. पोलिसांत तक्रार केली होती का, आणि कोणत्या तारखेला, ते लिहा.